उद्धवराव पोरं पाठवतात

उद्धवराव मनानं वाईट नाही, असं आमच्याकडं काही लोक म्हणतात. म्हणोत बापडे. तळवड्याला माझी खानावळ आहे, तिथं हा माणूस कितीतरी वर्षं जेवतोय. फुकटचा कांदा चारदा मागायचा आणि वाढणाऱ्या बाईवर खेकसायचं, ही त्याची लायकी मी रोज बघते.

आधी तो कंपन्यांच्या गेटवर पोरं पुरवायचा. सकाळी चाकण चौकात उभा राहून टेम्पोत पोरं भरायचा. पर्मनंट करायला लागू नये म्हणून कंपनी कंत्राटी पोराला सात महिन्यांनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसवायची, की हा त्याच्या दारात हजर. "भावा, टेन्शन नको घेऊ, दुसऱ्या गेटवर लावतो." पोरांना तो देव वाटायचा. मग साहेबांना मोठं व्हायची हौस आली. मोबाईलच्या दुकानावर ऑफिस थाटलं, भिंतीवर विमानाचं चित्र लावलं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एक ओळ धड लिहून दाखव म्हणावं! आता उद्धवराव पोरं मलेशियाला पाठवतात.

माझ्याकडं भाकऱ्या करायला गवराबाई येते, चाकणच्या अलीकडच्या गावची. नवरा वारला, एकुलता एक पोरगा, ऋतिक. आयटीआय केलेला, कामाला वाघ, पण ब्रेकवर ब्रेक खाऊन वैतागला होता. उद्धवरावनं त्याला पॅकिंगचं काम सांगितलं, एसी हॉल सांगितला. तिथं पोहोचल्यावर मालकाच्या माणसानं पासपोर्ट काढून घेतला आणि पोराला ट्रकमधून पामतेलाच्या मळ्यात नेऊन टाकलं. दिवसभर लांब दांड्याच्या कोयत्यानं काटेरी घड पाडायचे आणि रात्री पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप. रविवारी कुणाचा तरी फोन मिळाला की बोलतो. "आई, मला ने इथनं," एवढंच म्हणतो, आणि ही पुढचा आठवडाभर भाकरी थापता थापता डोळे पुसते.

माझी लेक दिव्या इतिहास शिकते. ती म्हणाली, पूर्वी आयर्लंडातल्या गोरगरिबांनाही असंच धरून बोटीत कोंबलं होतं, समुद्रापारच्या उसाच्या मळ्यांत राबवायला. म्हटलं, मग आमच्या साहेबांनी सुधारणाच केली म्हणायची. बोटीच्या जागी विमान!

मी आणि गवराबाई चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, एकट्या बाईच्या सांगण्यावरून परदेशातलं प्रकरण कसं घेऊ, अजून कुणी असेल तर घेऊन या. मग गेलो उद्धवरावकडं.

"गवरामावशी, माझा एक फोन गेला की पोरगं घरी," तो खुर्चीत डुलत म्हणाला. "पण तुम्हीपण माझं एक काम करा."

नवीन बॅच निघाली होती. आमच्याकडं माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की पाटावर बसवून ओवाळतात. यानं त्यात स्वतःचं शहाणपण घातलेलं. आधी गेलेल्या पोराच्या आईच्या हातून नव्या पोरांना ओवाळून घ्यायचं. ती हसत ओवाळतेय म्हटल्यावर बाकीच्या आया कशाला घाबरतील? असली अक्कल बरी सुचते मेल्याला.

"ऋतिक मजेत आहे म्हणा, चार शब्द बरे बोला. दुसऱ्या दिवशी फोन लावतो," तो म्हणाला.

गवराबाईच्या भाकऱ्या त्या दिवसापासून करपायला लागल्या. मी तिला म्हटलं, "बाई गं, आधी आपलं पोर सोडवून घे. बाकीच्यांचं त्यांचे आईबाप बघतील." मला तेच बरोबर वाटत होतं.

रविवारी देवळाच्या सभामंडपात काय तो थाट! टोप्या घातलेली पोरं ओळीनं पाटांवर बसलेली, पहिल्याच पाटावर गणराज, ऋतिकचा जिवाभावाचा दोस्त. उद्धवराव कडक इस्त्रीत, हातात माईक, जणू गावावर उपकारच करतोय.

गवराबाईनं ताट उचललं. गणराजला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, दिवा एकदा फिरवला आणि हात थांबवला. ओवाळणं अर्धं सोडून पाटावरून उठणं म्हणजे अपशकुन. त्यामुळं पोरं जागच्या जागी, बाया जागच्या जागी.

"सायेब," ती म्हणाली, "तुमचा ज्ञानेश कुठं हाय?"

"त्याचं काय आता मधेच?"

"काम इतकं चांगलं हाय, तर पोटच्या पोराला बी बसवा की पाटावर. आधी त्याला ओवाळते, मग ह्यास्नी."

ज्ञानेश खांबाला टेकून मोबाईल बघत होता. त्यानं बापाकडं बघितलं. उद्धवराव ओशाळं हसला. "त्याचं शिक्षण चालूय... आणि तब्येतपण जरा..." एवढा बोलघेवडा माणूस, पण स्वतःच्या पोराला खोटं खोटंसुद्धा पाटावर बसवायची छाती झाली नाही. त्याचं ते तोंड बघून मला शिसारी आली.

"न्हाई बसवायचा त्यो," गवराबाई सगळ्यांकडं वळली. "तिथं काय हाय ते त्याला म्हाईत हाय. माझा ऋतिक कुलपात हाय, बायांनो. पासपोर्ट काढून घेतलाय त्याचा. जनावरावानी राबवत्यात."

गणराजची आई पुढं आली आणि दंडाला धरून तिनं पोराला उठवलं. अपशकुनाचं कुणी नाव काढलं नाही. बघता बघता सगळे पाट रिकामे झाले. "उद्या चौकीत मी येते तुमच्यासंगं," गणराजची आई म्हणाली, आणि आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या.

उद्धवराव गवराबाईजवळ येऊन दातओठ खात बोलला, "आता बस वाट बघत. माझ्याकडनं फोन जायचा नाही." म्हाताऱ्या बाईला दम भरायचा, एवढीच याची मर्दुमकी. थू!

संध्याकाळी ऋतिकचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"आई, साहेब काय म्हणाले? कधी येतोय मी?"

हे तिला सांगायला लागू नये, असं मला वाटलं. मी फोन घ्यायला हात पुढं केला तर तिनं झिडकारला.

"इतक्यात न्हाई रं लेकरा," ती म्हणाली. "तुला आणायचं तर गणराजला तिकडं धाडायला लागत व्हतं. मला न्हाई जमलं."



"गन्या कुठंय आता?"

"घरी हाय. आईपाशी जेवतोय."

"बरं झालं," ऋतिक म्हणाला, आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.