केसरबाईंचा साबण आणि काचेतली कातडी

अहेरीच्या केसरबाई हसल्या की आठवडी बाजाराचं दुसरं टोकही मान वळवून पाहतं. मोहाच्या बियांचं तेल काढून बाईंनी साबण केला, बाजारात मांडायचंही ठरवलं, आणि तिथंच नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीनं, करिश्मानं, खोडा घातला. "मावशी, आधी तपासू. कोनाले खाज सुटली तं?"

"बकरीले घासून पाहा ना!" नवरा खुशालभाऊंनी तोडगा काढला.

"माह्या रंगीले? तिनं मांगला का साबन?" बाई उसळल्या.

करिश्मा म्हणाली, सशा-बकऱ्यांची गरजच नाही. माणसाच्या पेशींपासून काचेच्या बशीत कातडी वाढवतात, तिलाच लावून बघतात. बाई बघतच राहिल्या. माणूस नाही, नुसती कातडी!

"तिले दुखते काय वो?"

"नाई, मावशी."

बाईंच्या जिवाला बरं वाटलं. सुरीनं वडी कापून त्यांनी अर्धी दिली.

चार-आठ दिवसांनी फोन आला. कातडी पोळली, साबण नापास. बाईंचं तोंड एवढंसं झालं. जन्मात पहिल्यांदा आपल्या डोक्यातून काही केलं, तर तेच लोकांना भाजणार!

"काचेतल्या कातडीले का समजते?" म्हणत खुशालभाऊंनी उरलेली अर्धी वडी तोंडाला फासून झकास आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तोंड टम्म, डोळे गायब, गालांवर फोड. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं आणि ओरडल्या, "हा तं बिबा उतला! तुमी आतली गोडंबी काढाले बिबे कायनं फोडले?"

"तुह्या सुरीनं," सुजलेल्या ओठांतून कसंबसं आलं.

कातडी पोळवणारं बिब्याचं तेल सुरीला, सुरीचं साबणाला! नवऱ्याच्या गालाला खोबरेल लावता लावता बाईंना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. रंगी वाचली होती, आणि साबणही निर्दोष होता.

नवी सुरी आली, नवी वडी गेली आणि पास झाली. बाजाराच्या दिवशी करिश्मा दुकान पाहायला आली, तेव्हा बाईंनी पहिली वडी पानात बांधून तिच्या हातात कोंबली.

"हे त्या पोळलेल्या कातडीले दे. म्हनावं, चुकी माह्या घरची होती."

"मावशी, ते तं कवाच फेकली."

बाईंनी तिची मूठ वडीवर मिटवली.

"मंग तिच्या बहिनीले दे," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.