ज्योतीरामच्या बॅटऱ्या

ज्योतीरामने शब्द दिला होता, हीच खरी अडचण. चिंचवड स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या दुरुस्त करणारा हा मोशीचा माणूस तसा अबोल. पण चौऱ्याहत्तर साली डोळ्यांच्या फिरत्या दवाखान्याचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "चाकणच्या पुढं डोंगरात वीज नाही. तीन दिवस ट्रेलरमध्येच राहायचं, तिथंच मोतीबिंदू काढायचे. दिवा कशावर चालवू?"

त्यांच्या जीपचा ड्रायव्हर सोनबा तयारच होता. "ट्रकची बॅटरी घ्या, सायेब. हत्तीला ढकलील!"

"ढकलील एकदाच," ज्योतीराम म्हणाला. "तिला दणका द्यायची सवय. तासन्‌तास हळूहळू जळायला ती नाय कामाची. पार उतरली की तिच्या पातळ पट्ट्या मरतात."

त्याने कारखान्यात माल उचलणाऱ्या गाडीचे जाड पट्ट्यांचे सहा सेल निवडले, जुने पण निरोगी. आठवडाभर एकेक तपासला आणि वर म्हणून गेला, "तीन दिवसांत दिवा मंद झाला, तर शेडला कुलूप घालीन."

दसरा झाला, दिवाळी झाली आणि शिबिर लागलं; सेल घेऊन ज्योतीरामही गेला. चार्ज केलेली बॅटरी एक दिवस नुसती ठेवून ती उतरली का ते पुन्हा मोजायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. घाईत त्या वेळी तो राहिला. झालं!

पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मंजुळाबाईंच्या डोळ्यावर हत्यार टेकवलं आणि दिवा पिवळा पडला.

"ज्योतीराम!"

ज्योतीराम सेलांकडे धावला. सोनबाने एकदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जीप ट्रेलरला भिडवली आणि इंजिन चालूच ठेवलं. जीपच्या बॅटरीवर दिवा उजळला. मंजुळाबाईंचा डोळा वाचला. पण पेट्रोल तेवढंच होतं, राहिलेल्या आठ म्हाताऱ्यांना घरी पाठवावं लागलं. त्यातले दोघे काठी टेकत चार कोस चालून आले होते.

ज्योतीरामने एका सेलचं झाकण उघडलं. आत, आम्लाने काळं पडलेलं तुळशीचं पान तरंगत होतं. दुसरं झाकण, तिसरं. सगळीकडे तेच. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा आईनेच केली होती.

"कोणी केलं रे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी चूक, सायेब. मोजलं न्हाई."

घरी त्याची आई आक्काबाई उंबऱ्यातच उभी होती. "टिकला का रे दिवा?"

"तू सेलांत पाणी घातलंस?"

"व्हय! आळंदीहून आणलेलं तीर्थ. आंधळ्यांच्या कामाला चाललेली वस्तू, म्हटलं इंद्रायणीमाईचा हात लागू दे."

"आई, त्यात फक्त वाफ थंड करून केलेलं शुद्ध पाणी घालतात. नदीच्या पाण्यातल्या क्षारांनी बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते. आठ जण तसेच परत गेले."

म्हातारी उंबऱ्यावर बसली.

"माईच्या पाण्यानं?" एवढंच ती म्हणाली. मग एकदम उठली, लुगडं सावरलं. "चल. कुठली गावं ती? त्या आठांना मी तोंडानं सांगते, मीच घातलं म्हणून. तू कशाला खाली मान घालून फिरायचं?"

"शब्द मी दिला होता."

"आणि पाणी मी घातलं होतं! उगा मोठेपणा दाखवू नको. दोघंबी जाऊ."

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लागलं. गिऱ्हाइकं परत जात होती. मायलेकरं डोंगरातल्या पहिल्या घराच्या अंगणात उभी होती, आणि काठीवाला म्हातारा आतून विचारत होता, "कोण आलंय? डॉक्टर का?"

"न्हाई, बाबा," आक्काबाई म्हणाली, "ज्यांनी दिवा घालवला ते आलोय."