आठ नंबरचा शर्ट

आकडेबाईंचं खरं नाव क्लबात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. फुटबॉलशी त्यांचा उभ्या जन्मात संबंध आलेला नव्हता. आधी त्या बस डेपोत होत्या. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात, कुठली बस रिकामी धावते, हे मोजून त्यांनी डेपोचं वेळापत्रक मार्गी लावलं होतं. ते क्लबाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. क्लब लहान, नावाजलेले खेळाडू परवडायचे नाहीत. तेव्हा ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही असे गुणी लोक आकड्यांवरून हुडकायचे, असं त्यांनी मनात घेतलं आणि बाईंना बोलावलं. घरच्यांनी बाईंना वेड्यात काढलं. पण डेपोत आता सगळं वेळेवर चालत होतं आणि बाईंना त्याचा कंटाळा आला होता.

स्टँडखालच्या खोलीत, बुटांच्या आणि मलमाच्या वासात बसून, त्या गावोगावच्या सामन्यांचे व्हिडिओ बघत. कोण चेंडू हिसकावतो, कुणाचा पास आपल्याच माणसापाशी पोचतो, आणि दमल्यावर कोण चालायला लागतो. हे शेवटचं त्यांच्या विशेष आवडीचं. दमलेला माणूस खरा कळतो, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना नवरा समोर असला तर त्याच्याकडे बघायच्या.

असाच त्यांना एका लांबच्या क्लबाचा आठ नंबर सापडला. व्हिडिओ कुणीतरी गच्चीवरून काढलेले, चेहरे दिसायचे नाहीत, पण पाठीवरचा आकडा स्वच्छ. सामना संपत आला की बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे राहत, आणि हा पहिल्या मिनिटासारखा धावत असे. कोचसाहेबांना मध्यफळीसाठी त्यांच्या ओळखीतला एक उंचापुरा गडी हवा होता. अध्यक्षांनी बाईंचं ऐकलं. त्या दिवसापासून कोचसाहेब बाईंना पाण्यात पाहू लागले.

आठ नंबर आला तो फरशीच्या कारखान्यातली नोकरी सोडून, बायको आणि मुलीला घेऊन. क्लबामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. काही सामने बघायचे आणि मग कमिटीने करार पक्का करायचा, असं बोलणं झालं होतं.

पहिल्या हाफात तो असा खेळे की कोचसाहेबांनाही हरकत सुचू नये. दुसऱ्या हाफात मात्र त्याच्या पायांत जीवच उरायचा नाही. डॉक्टरांनी तपासलं, तर गडी ठणठणीत. क्लब जिंकत आलेले सामने हरू लागला. शेवटी मीटिंगमध्ये कोचसाहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, बाईंचा कॉम्प्युटर हाफटाइमपर्यंतच चालतो वाटतं. सगळे हसले. बाईही हसल्या, नाहीतर करणार काय? करारावर सोमवारी निर्णय घेऊ, असं अध्यक्षांनी सांगितलं, पण त्यांचा चेहराच सगळं बोलत होता.

बाईंना स्वतःची फिकीर नव्हती. डेपोवाले हसले असते, पण परत घेतलं असतं. कारखान्याने मात्र आठ नंबरची जागा केव्हाच भरली होती. माझ्या आकड्यांच्या भरवशावर एक भरला संसार उठून आला आणि आता तो रस्त्यावर येणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना. त्यांनी सगळे व्हिडिओ पुन्हा मोजले. एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मग त्यांनी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. लॅपटॉप उचलला आणि आठ नंबरच्या घरी गेल्या. बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. बाईंनी त्याला जुना सामना दाखवला, शेवटची काही मिनिटं. असं आता का होत नाही, विचारलं. त्याने बघितलं आणि ओशाळून हसला.

"हा मी नव्हे, बाई. हा माझा मेहुणा."

हळूहळू उलगडा झाला. दोघंही एकाच कारखान्यात, पण पाळ्या वेगळ्या. पाळी बदलायची ती नेमकी हाफटाइमला. हा शर्ट काढून कामावर पळायचा आणि मेहुणा कामावरून येऊन तोच घामेजला शर्ट चढवायचा. तिथल्या क्लबाकडे आठ नंबरचा दुसरा शर्टच नव्हता. सगळा सामना हा बिचारा जन्मात कधी खेळलेला नव्हता.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढं सगळं मोजता. मला वाटलं, हेही ठाऊक असेल."

"मी म्हणतच होते," बायको दारातून म्हणाली, "की माझ्या भावाला कसं नाही बोलावलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. आकडे खरे होते, माणूसही खरा होता. मग लाजही वाटली. इतकी वर्षं डेपोत काढली, आणि इथे बस मोजली, उतारू मोजायचे राहून गेले.

तिथून त्या तडक कोचसाहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. ते हसू लागले, आणि हसता हसता दुखरा गुडघा धरून खुर्चीत बसले. म्हणजे मी ज्याच्यावर ओरडत होतो तो अर्ध्या दिवसाच्या ड्युटीवर होता, म्हणाले. या गड्याचा दम ते महिन्याभरात वाढवणार होते, ते त्यांचंच काम होतं. तोवर काय करायचं, तेही त्यांनाच सुचलं.

"मेहुणा मोकळा आहे का, विचारा."

मेहुण्याने रजा टाकली. शनिवारी हाफटाइमला एक बाहेर आला, दुसरा आत गेला, आणि क्लबाने बऱ्याच दिवसांनी हातातला सामना हातात ठेवला. सोमवारी कमिटीसमोर दोघांची बाजू कोचसाहेबांनीच मांडली. बाईंना तोंड उघडावं लागलं नाही.

निर्णयाची बातमी घेऊन त्या स्वतः गल्लीत गेल्या. आठ नंबर सरावाला गेला होता. दोघांचाही करार पक्का झाला, असं त्यांनी बायकोला सांगितलं. ती भावासाठी आनंदली, मग पायरीवर बसली.

"बाई, मग आता मुलीचं नाव इथल्या शाळेत घालू ना?" तिने विचारलं.

"उद्याच घाला," बाई म्हणाल्या, आणि त्याही तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.