पाचवी काडी

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही परीक्षेपुरतंच लिहिलं. तेव्हा काही चुकलं तर माफ करा. पण हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.

अमरावतीला शिकताना मी आणि अकोल्याचा एक वर्गमित्र मिळून छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होतो. चालू होताच पडद्यावर दोन ओळी दाखवेल, टाइप केलेलं अक्षर उमटवेल, एवढीच. अकोल्याच्या एका प्रदर्शनात ती खऱ्या मशीनवर चालवून दाखवायची होती.

एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकातच उभ्या केलेल्या खोट्या संगणकात, ती छान चालायची. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मात्र सुरू होता होताच रीस्टार्ट व्हायची. पुन्हा पुन्हा, तेच.

नांदगाव पेठेजवळ आमचा भाजीचा मळा आहे. पाणी देताना बाबा भरलेल्या वाफ्याच्या तोंडाशी एक काडी खोचतात. मधेच दुसऱ्या कुणी काम हाती घेतलं, तरी पाणी कुठवर पोचलं ते कळतं. मी प्रोग्रामलाही तेच केलं. सुरू होण्याचे पाच टप्पे. एक टप्पा पार पडला की पडद्यावर एक चांदणी. आम्ही त्यांना काड्याच म्हणायचो. लॅबमध्ये चार उमटायच्या आणि पडदा काळा व्हायचा.

“तुयी पाचवी काडी मळ्यातच रायली बे,” मित्र चिडवायचा. मी बिल्डच्या सेटिंग बदलून पाहिल्या, प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरची फाइल पुन्हा लिहिली. काही फरक पडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी तो म्हणाला, “आपलं नाव मी मागं घेतलं. उठतच नाई, त दाखवाचं काय? लोक हसतीन.”

मला वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं पटलंही. तो अकोल्याला गेला. मी घरी शोधत राहिलो. प्रदर्शन नसलं तरी ती उठली पाहिजे, असं वाटत होतं. बाबा मळ्यातून आले की हातपाय धुताना विचारायचे, “उठलं का रे तुयं?”

“नाई बाबा.”

शेवटी चूक सापडली. प्रोग्रामला लागणारी मेमरीची एक जागा आधी साफ करायची असते. मी ती कोरीच आहे असं धरून चाललो होतो. एम्युलेटर ती खरोखर कोरी देतो. खऱ्या मशीनमध्ये काहीबाही उरलेलं असतं. खात्रीसाठी एम्युलेटरमध्येच त्या जागेत मुद्दाम कचरा भरला. चार काड्या, आणि रीस्टार्ट! मग आधी साफ करून घेतलं. पाचवी उमटली.

मी लगेच मित्राला फोन केला. सगळं समजावून सांगितलं.

“पक्कं ना?” त्यानं विचारलं.

“खऱ्या मशीनवर पाहाचं रायलं. माह्या लॅपटॉपवर हे चालत नाई, अन् लॅबले कुलूप हाय.”

“पाठव. पाहून ठेवतो.”

मी पाठवलं. मग त्याचा फोन लागेना. गावी गेला असेल, असं मी घरच्यांना आणि स्वतःलाही सांगत राहिलो.

सुट्टी संपता संपता अकोल्याच्याच एका वर्गमैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिलं होतं, ‘भारीच! तू नाही आलास?’

टेबलावर जुनं मशीन. शेजारी तो, इस्त्रीच्या शर्टात. पडद्यावर एक, दोन, तीन, चार चांदण्या. पाचवी उमटली, आणि खरं सांगतो, क्षणभर मला फक्त आनंद झाला. त्याखाली मी लिहिलेली ओळ आली, ‘थांबा, उठून रायलो’. पुढच्या ओळीत आम्हा दोघांची नावं असायची. तिथं एकच होतं. तो लोकांना सांगत होता, “इथं मेमरी साफ करायची राहिली होती. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.”

प्रदर्शनातून आमचं नाव कधी निघालंच नव्हतं. निघालो होतो तो मी.

बाबा हातपाय धूत होते.

“उठलं का रे तुयं?”

“उठलं.”

“कुठी?”

“अकोल्याले.”

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, माझ्याकडं पाहिलं. “मंग तू इथं काहून?”