खाणीवरचं पाणी

ओमानमधल्या इब्री गावापासून गाडीनं अडीच तास आत, त्यातला शेवटचा पाऊण तास कच्चा रस्ता, असं आमच्या कॉलनीचं ठिकाण होतं. तांबं सापडलं म्हणून ती वसली आणि तांबं संपलं म्हणून मोडली. मधली सगळी वर्षं मी तिथला पाणीवाला होतो. कागदावर मी पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटचा सुपरवायझर होतो, पण बायका मुलांना सांगायच्या, "जा, पाणीवाल्या काकांना विचार, नळ कधी येणार."

मी गेलो तेव्हा नुसत्या पोर्टाकॅबिन, म्हणजे पत्र्याच्या तयार खोल्या होत्या. मग सिमेंटची बैठी घरं झाली, दवाखाना झाला, मशीद, मेस, एका केरळी माणसाचं दुकान आणि चौथीपर्यंतची शाळा. माझी बायको तिथे शिकवायची. वसईचे तीन ख्रिस्ती वेल्डर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मेसच्या मागच्या खोलीत प्रार्थनेला जमायचे. भाद्रपदात त्याच खोलीत आमचा गणपती बसायचा. मुलगी चौथी पास झाली आणि मायलेकी पुण्याला गेल्या. मी राहिलो. दर वर्षी सुट्टीवरून परतताना बायकोला म्हणायचो, "हे शेवटचं." पुढे पुढे ती ऐकून हो सुद्धा म्हणेनाशी झाली.

कॉलनीच्या कुंपणाबाहेर एक ओमानी म्हातारा राहायचा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. खाण येण्याच्या आधीपासून त्यांच्या शेळ्या तिथे चरत होत्या, आणि त्यांच्या वडिलांनी हातानं खणलेली विहीर तिथे होती. आयुष्यभर भारतीयांशी व्यवहार, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी त्यांना छान यायचं. रोज सकाळी ते प्लांटवर येत, थर्मासमधली कॉफी छोट्या कपात ओतत आणि खजुराचा डबा पुढे सरकवत. मी "बस" म्हटलं तरी तिसरा कप व्हायचाच.

त्यांच्या विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासायचं काम माझ्याकडे होतं. तांबं काढून उरलेला गाळ ज्या तळ्यात सोडायचे, ते कॉलनीच्या वरच्या अंगाला होतं. चारपाच वर्षांत विहिरीच्या पाण्यातला खार वाढायला लागला, मग तांब्याचा अंश दिसायला लागला. मी रिपोर्ट पाठवले. तळ्याला खालून प्लास्टिकचं अस्तर घातलं, पण तोवर जे झिरपायचं ते झिरपलं होतं. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "म्हाताऱ्याला आपल्या प्लांटचं पाणी दे. उगाच बाकीचं बोलत बसू नकोस."

मी कुंपणाखालून एक पाइप काढून त्यांच्या शेळ्यांच्या हौदात सोडला. त्यांना म्हटलं, "चाचा, ये पानी मीठा है. पीने को भी यही लो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला दुवा दिली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवलो, आणि त्यानंतरची बरीच वर्षं रोज त्यांची कॉफी प्यायलो.

खाण बंद होणार हे कळल्यावर कॉलनी तीन महिन्यांत रिकामी झाली. शाळेतले बाक ट्रकमध्ये चढले, दुकानदारानं फ्रीज उचलला, एसी काढलेल्या भिंतींना चौकोनी भोकं राहिली. पाणी शेवटपर्यंत लागतं, म्हणून मला आणि दोन मजुरांना मागे ठेवलं. करायच्या कामांची यादी मस्कतच्या ऑफिसातून आली. प्लांट बंद करून सुटा करणे. टाक्या धुणे. आणि शेवटी, कुंपणाबाहेरची विहीर बुजवून वर काँक्रीट घालणे. मी फोन करून विहिरीचं विचारलं. पलीकडचा माणूस नवा होता, पण बोलला ते खरंच होतं: "प्लांट गेल्यावर ते पाणी कुणी प्यायलं तर? उघडी ठेवता येणार नाही."

म्हणजे आता सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले आणि त्यांनी कप भरला. मी तो हातात घेतला नाही.

"चाचा, आपका कुआँ खराब है. बहुत साल से. हमारी खान की वजह से."

त्यांनी कप खाली ठेवला. "मालूम."

"मालूम? किसने बोला?"

"बकरी ने बोला. बकरी उधर मुँह नहीं लगाती थी."

"तो मुझसे पूछा क्यों नहीं?"

ते तळ्याकडे बघत म्हणाले, "पूछता तो तुम झूठ बोलता. फिर हम साथ में कैसे बैठता?"

त्यांनी कप उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. कॉफी निवली होती.

विहीर बुजवायला दोन दिवस लागले. खडीचा ट्रक आला तेव्हा चाचा शेळ्या बांधून येऊन उभे राहिले. पहिलं घमेलं त्यांनी स्वतः टाकलं. सिमेंट कालवताना मजुरानं पाणी जास्त ओतलं, तेव्हा त्याच्या हातातून फावडं घेऊन त्यांनीच माल नीट केला. मी म्हटलं, "चाचा, राहू द्या," चक्क मराठीत. ते "खलास, खलास", म्हणजे झालंच आता, असं म्हणत राहिले. नंतर तिथेच चादर अंथरून त्यांनी दुपारची नमाज पढली.

जाण्याआधी मी कंपनीला पानभर पत्र लिहिलं. त्यात विहीर कशानं बिघडली हे सरळ लिहिलं आणि चाचांसाठी पाण्याचा टँकर मागितला. त्या पत्राबद्दल मला कुणी विचारलं नाही, रागावलंही नाही. टँकर सुरू झाला, आठवड्यातून एकदा. दोन उन्हाळे चाचांनी तसे काढले, मग शेळ्या विकून ते इब्रीला मुलाकडे गेले.

मी आता ओमानच्याच किनाऱ्यावर, बरका गावाजवळ एका शेतावर पाणी शुद्ध करण्याचा प्लांट बघतो. काम हलकं आहे, तरी थकायला होतं. बायको विचारते, कधी येताय. मुलीच्या फोनवरच्या मराठीत हल्ली इंग्रजीच जास्त असतं.

मागच्या ईदला चाचांनी जेवायला बोलावलं. मुलाच्या घरात, एसीखाली, गालिच्यावर ते भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. नातवंडांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण. त्यांनी अरबीत काहीतरी लांबलचक सांगितलं. मुलानं हसून मला अर्थ सांगितला: "म्हणतात, आमच्या गावचा आहे."

मी मान खाली घालून भात खात राहिलो. उठताना चाचांनी उरलेलं मटण डब्यात भरून दिलं, आणि परतीच्या गाडीत मला इतकी झोप लागली की बरका आल्यावर ड्रायव्हरनं हलवून जागं केलं.