काच शाबूत?

"काय, कसं काय?" असं वरच्या मजल्यावरचे काका कधी कुणाला विचारत नसत. जिन्यात भेटले की छत्री बगलेत मारायचे आणि विचारायचे, "काच शाबूत?" नवा माणूस बिचारा स्वतःचा चष्मा चाचपून बघायचा.

ही काच म्हणजे सोसायटीमागच्या भिंतीला गेलेल्या तड्यावर काकांनी आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. तडा केसभर जरी रुंदावला तरी काच फुटणार आणि आपल्याला कळणार. पट्टीखाली ती लावल्याची तारीख, मोत्यासारख्या अक्षरात. काकांची सगळी हयात घाटरस्त्यांवर ओव्हरसियर म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर घाट सुटला, सवय सुटली नाही. पाठीमागे आम्ही त्यांना दरडकाका म्हणायचो.

आमची सोसायटी धायरीत, टेकडी कापून उभी केलेली. राहणारे बहुतेक माझ्यासारखे, सकाळी कंपनीची बस पकडून हिंजवडीला पळणारे. मागे टेकडी आहे हे फ्लॅट घेताना 'हिल व्ह्यू' म्हणून वाचलं होतं, तेवढंच. माती अडवायला मागे दगडी भिंत, आणि मुरलेलं पाणी बाहेर यावं म्हणून भिंतीत भोकं. रोज सकाळी काका छत्रीचं टोक घालून एकेक भोक कोरायचे. चिखलपाण्याची चिळकांडी पायावर उडाली की समाधानाने म्हणायचे, "हं! डोंगर मोकळा झाला." तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच. आपण त्याला हसतो आणि बस पकडायला धावतो.

पुढे मी सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि त्याच वर्षी लाल गाडी घेतली. पार्किंग भिंतीलगत, त्यामुळे रोज गाडीवर चिखलाचे ओघळ. मी कमिटीत ठराव मांडला. भोकं सिमेंटने बुजवली, भिंतीला छान पिवळा रंग दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काका दारात हजर. "अहो सेक्रेटरीबाई, गाडीवर डाग पडतो म्हणून डोंगराचं नाक दाबलंत? नाक दाबलं की तोंड उघडतं, ठाऊक आहे ना?"

"काका, हरकत असेल तर लेखी द्या."

त्यांनी खरंच दिलं. आकृतीसकट दोन पानं. भोकं उघडा, टेकडीवरचं पाणी चर खणून वरच्या वर बाजूला काढा, उतारावर गवत लावा. मी अर्ज फाइलला लावला. फाइलला लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

ऑगस्टात चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. सकाळी मी लेकीचा डबा भरत होते. काका दारात उभे, छत्री हातात मिटलेली आणि स्वतः चिंब.

"काच फुटली."

"मग नवी लावा की."

ते हसले नाहीत. "लेकीला घ्या आणि बाहेर पडा. डबा राहू दे."

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तळमजल्यावरची आमची चारही घरं त्यांनी अर्ध्या तासात समोरच्या इमारतीच्या हॉलमध्ये नेऊन बसवली. कुणी गाडी काढायला निघालं की छत्री आडवी. मी आपली घड्याळ बघत पुटपुटत होते, "आज माझी मीटिंग होती हो!"

अकराच्या सुमाराला भिंतीचं पोट पुढे आलं आणि दरड आत घुसली. माझी स्वयंपाकघराची खिडकी, ओटा, त्याला लागून असलेलं लेकीचं अभ्यासाचं टेबल, सगळं मातीखाली गेलं. डबाही तिथेच होता. मी लेकीला कवटाळून हमसून हमसून रडले. भोकं मीच बुजवली होती, अर्जही मीच दाबला होता. लाज वाटली, फार वाटली.

काका शेजारी येऊन उभे राहिले. चिखलातून गाडीचा लाल टप तेवढा दिसत होता. "अरेरे, सेक्रेटरीबाई," ते हळूच म्हणाले, "डाग पडला की हो." रडता रडता मला हसू फुटलं. अर्जाचा विषय त्यांनी पुढे कधीच काढला नाही.

नवी भिंत त्यांच्या देखरेखीखाली उठली. वर चर खणले, उतारावर वाळ्याचं गवत लावलं. प्रत्येक भोकावर एका फ्लॅटचा नंबर रंगवला. ज्याचं भोक, त्याने ते साफ ठेवायचं. मला एकटीला तीन. "तुम्ही पदाधिकारी ना!"

नव्या भिंतीच्या सांध्यावरही त्यांनी काच लावली.

"आता कशाला, काका?"

"भिंत नवी आहे, बाई. डोंगर तोच आहे."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकूंनी छत्री माझ्या हातात दिली. काच दर वर्षी तपासून तिच्याखाली नवी तारीख लिहायची, असा काकांचा नियम. मी दोनदा रंग घेऊन गेले आणि तशीच परत आले. त्यांचं ते अक्षर पुसायला हात धजत नाही.

आज सकाळी माझं तिसरं भोक तुंबलं होतं. छत्रीचं टोक घातलं तशी चिळकांडी थेट ऑफिसच्या कपड्यांवर उडाली. मी वर त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच मोठ्याने सांगितलं, "काच शाबूत आहे, काका. डाग तेवढा पडला."