दहा प्रश्न आणि वाटीभर तेल

वाचायला मी लेकीच्या पुस्तकांवरून शिकले आणि मालीश करायला आईच्या हातांकडे बघून. त्या मालिशीवरच कांदिवलीत माझी तीसेक वर्षं गेली, आधी चाळींत, मग त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत. सकाळी कोमट तेल, मग कढत पाण्याची आंघोळ, मग ओवा-शेपाची धुरी. त्या धुरात बसलं ना, की बाळंतीण ढगात बसल्यासारखी दिसते. बाळ पेंगतं, ती पेंगते, मीही पेंगते. एकदा आमच्या धुरीनं टॉवरमधल्या खोलीच्या छताला लावलेली आगीची घंटा वाजली आणि वॉचमन धावत वर आला. मी म्हटलं, "आग नाही रे बाबा, बाळंतीण आहे."

तर आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी एक दिवस मला बोलावलं. म्हणाल्या, "मावशी, सिस्टरला लोक दारातून परत पाठवतात. तुम्ही थेट आत जाता." देशभरातल्या बाळंतिणींच्या मनाची नोंद ठेवायचं घाटत होतं. गरोदरपणी एकदा विचारायचं, बाळंतपणानंतर पुन्हा. सगळीकडे तेच दहा प्रश्न. आमच्याकडे त्याची सुरुवात करून बघायची होती. मॅडमचा नियम एकच: लिहिलंय तसंच विचारायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. इथे एक विचारलं आणि केरळात दुसरं, तर उत्तरं शेजारी ठेवायची कशी? मला ते लगेच पटलं. सगळ्यांचे तांदूळ एकाच वाटीनं मोजायचे, एवढंच ना!

माझे हात तेलाचे. म्हणून विचारायची मी, आणि बाजूला बसून टॅबवर बोट लावायची सिस्टर.

अशीच एक मुलगी होती. मूळची वर्सोव्याची. आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. चौदावा दिवस होता. मी पाठीला तेल लावत विचारत गेले. गेल्या आठवड्यात उगाच रडू आलं का? नाही. झोप उडाली का? नाही. जगणं नको वाटलं का? नाही. शाळेत पाढे म्हणावेत तशी दहाही उत्तरं तिनं दिली. सिस्टर खूश झाली. "मावशी, ही एकदम झकास आहे." तिनं माहिती पाठवली आणि गेली.

मी पायांना तेल लावायला घेतलं. धुरीची शेगडी आधीच पेटवून ठेवली होती, तिचा धूर खोलीत तरंगत होता, खिडकीतलं ऊन दुधासारखं दिसत होतं. मुलीचे डोळे मिटलेले. तिनं झोपेतल्यासारखं हळूच म्हटलं, "मावशी, हे बाळ कुणीतरी सांभाळायला दिलंय असं वाटतं मला. त्याची आई येईल आणि घेऊन जाईल. मग मी झोपेन. उठणारच नाही."

माझा हात तिच्या टाचेवर थांबला.

"हे मघाशी का नाही सांगितलंस गं?"

"मघाशी त्या लिहीत होत्या ना."

बाहेरून सासूचा आवाज, "काय गं, आज किती वेळ? पाणी गार होतंय!"

"आले, आले!" मी ओरडले. पण मला ऐकू येत होतं ते त्या मुलीचंच. सांगितलं तर ही माझ्याशी पुन्हा बोलायची नाही. शिवाय या घरच्या गोष्टी त्या घरी नेणारी बाई म्हणून माझं नाव बिल्डिंगभर होईल. आणि नाही सांगितलं तर? ही खरंच उठली नाही तर?

मी तिलाच विचारलं. "मॅडमना सांगू?"

तिनं पाय माझ्या मांडीवर नीट ठेवला. "सांगा. पण आईंना नको."

मी तशीच तेलाच्या हातांनी केंद्रात गेले. सिस्टर म्हणाली, "पाठवलेलं बदलता येत नाही, मावशी. तिनं नाही म्हटलं ते नाहीच." मॅडम मात्र उठल्या. "ती नोंद राहू दे. ती त्या घटकेचं उत्तर आहे. आत्ताची घटका वेगळी."

त्याच दुपारी बाळाचं वजन बघायच्या निमित्तानं मॅडम घरी आल्या. आम्ही दार लावून घेतलं. खुर्ची न घेता त्या माझ्या चटईवर बसल्या. टॅब पर्समध्येच. तिनं त्यांना सगळं सांगितलं. घरात तिच्या बाजूचं कोण, असं विचारल्यावर म्हणाली, "हे." नवऱ्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी तो तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, रात्रीचं बाळ त्यानं घेतलं. आईला काय सांगायचं ते त्याचं त्यानं सांगितलं. सासूबाई दोन दिवस भांडी आपटत होत्या. तिसऱ्या दिवशी बाळाची दुपटी त्यांच्या खांद्यावर दिसली.

त्यानंतर मॅडमनी वरच्या ऑफिसला लिहिलं. प्रश्न तेच ठेवा, पण मालीश झाल्यावर, लिहिणारी व्यक्ती बाहेर असताना विचारा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा. वर काय ठरलं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या केंद्रात मात्र तसंच करतात.

मग त्या मुलीला पुन्हा विचारायची सकाळ आली. पाठीला तेल लावता लावता माझ्या हाताखालचा श्वास लांब होत गेला. तोंड थोडं उघडं, बारीकसं घोरणं. कितीतरी दिवसांनी तिचा जबडा सैल पडलेला दिसला. मी हात हलका केला, पण काढला नाही.

सिस्टरनं दार किलकिलं केलं. "मावशी, उत्तरं पाठवायची आज शेवटची तारीख आहे."

"तारखेला सांग, ती झोपलीय म्हणून."

सिस्टरनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं.